नाव कमी करणे, नाव लावणे

परवा रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी फोन करत नाही, म्हणून जरा धस्सच झाले. दादाला (माझा थोरला भाऊ) जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. हल्ली रात्रीचा फोन वाजला की मन वाईटच चिंतते.

"आत्या, एक विचारू? घरी म्हणतायत की जमिनीचे कागद करायचे आहेत, तेव्हा मुलीची सही एकदाच घेऊन टाकावी. सही करू का गं?"

कोण म्हणतंय, असे विचारले. तर तिचा भाऊ काही म्हणाला नव्हता, वहिनीही नाही. तेराव्याच्या जेवणानंतर ओसरीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी सुपारी कातरता कातरता सुचवले होते. असल्या गोष्टी नेहमी ओसरीवरच ठरतात, आणि ज्याची सही हवी असते तो माणूस त्या वेळी आत भांडी आवरत असतो.

तिला म्हटले, "आज काही करू नकोस. मला चार दिवस दे." मग घरातले जुने कागद काढून बसले. भाच्याने मध्यंतरी तहसील कचेरीतून आमच्या घराण्याच्या काही जुन्या नोंदींच्या नकला काढल्या होत्या, त्या मागवून घेतल्या. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पानिपत शिकवले, सत्तावनचा उठाव शिकवला, पण माणूस गेल्यावर घरच्यांना ज्या कागदांमागे धावावे लागते त्यांचाही इतिहास असतो, हे कधी मुलांना सांगितले नाही. मलाच ठाऊक नव्हते म्हणा ना! या चार दिवसांत जे जुळले ते इथे लिहिते आहे. भाचीसाठी तर आहेच, पण घरातल्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट कळवण्याची. माणूस गेला की आधी सांगावा धाडायचा. आज व्हॉट्सॲपवर एक फोटो आणि दोन ओळी टाकल्या की काम होते. आमच्या लहानपणी पोस्टकार्ड येत असे. त्यावर वर 'श्री' नसायचे, त्यावरूनच आईला कळायचे. वाचले की ते फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही, आणि मग अंघोळ. त्याच्याही आधी माणूस पायी जाई, आणि हा माणूस कोण असे, हे आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत. मयताची बातमी परगावच्या नातेवाइकांना पोचवणे हे महार वतनदारांवर लादलेले गावकीचे काम होते. पाऊस असो, रात्र असो, गाव किती का लांब असेना, नाही म्हणायची सोय नव्हती. ज्यांच्या घरचे दुःख त्याने वाहून नेले त्यांच्या ओसरीवर त्याला बसता येत नव्हते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले ते या वेठीतून सुटका व्हावी म्हणून. प्रत्यक्षात ही वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे बाबासाहेब गेल्यानंतर.

नातेवाइकांना कळवायची रीत जुनी, पण सरकारला कळवायची रीत मानाने नवी. आपल्या मुलखात जन्ममृत्यूची पद्धतशीर नोंद गावपातळीवर सुरू झाली ती इंग्रजी अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पटकी, देवी, ताप यांनी किती माणसे मरतात हे सरकारला मोजायचे होते. घरच्यांच्या सोयीशी त्याचा काही संबंध नव्हता. गावोगाव जी वही ठेवली गेली तिला आजही लोक 'कोतवाल बुक' म्हणतात. कागदोपत्री ते गाव नमुना नंबर १४. नाव, जात, वय, आणि मरणाचे कारण एका शब्दात. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधण्यासाठी याच वह्या राज्यभर उघडल्या गेल्या, मोडी वाचणाऱ्यांना एकदम मान आला, आणि कुणाच्या पणजोबांच्या मरणाची ओळ पणतवाच्या कामी आली. लिहिणाऱ्याने असे काही मनातही आणले नसेल!

लोकांना मात्र ही नोंद सुरुवातीला नकोशी होती, आणि त्याला कारणही होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला, पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना घरात शिरायचे, माणसे उचलून न्यायचे अधिकार मिळाले. मग लोक मयत लपवू लागले. मरण कळवले तर घर धुऊन काढतील, सामान जाळतील, उरलेल्यांना छावणीत नेतील, ही भीती. आजही एखाद्या खेड्यात 'कशाला नोंदवायचे' असा सूर निघतो तेव्हा मला वाटते, त्या भीतीचा कुठेतरी अंश शिल्लक असावा.

१८८६ साली नोंदणीचा एक कायदा झाला होता, पण तो ऐच्छिक होता. सगळ्या देशाला बंधनकारक असा कायदा व्हायला १९६९ साल उजाडले, आणि आपल्याकडे १ एप्रिल १९७० पासून तो लागू झाला. तोच आजही चालू आहे, २०२३ साली त्यात दुरुस्त्या झाल्या. यातले घरच्यांनी लक्षात ठेवायचे ते एवढेच. मृत्यू एकवीस दिवसांच्या आत कळवायचा. एकवीस ते तीस दिवसांत विलंब शुल्क. त्यानंतर वर्षाच्या आत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटले तर थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दुखवट्यात एकवीस दिवस कसे जातात ते कळत नाही, म्हणून हे काम घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसाकडे पहिल्याच दिवशी सोपवावे. इस्पितळात मृत्यू झाला तर कळवायची जबाबदारी इस्पितळाची असते. घरी झाला तर घरच्यांची, आणि मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला लागतो.

आणखी एक. नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, जिथे माणूस राहत होता तिथे नाही. आमचा भाचा आधी गावच्या ग्रामपंचायतीत गेला आणि हात हलवत परत आला. दादा पुण्यात इस्पितळात गेला, तेव्हा दाखला पुणे महानगरपालिकेचा. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात. आणि नावाचे स्पेलिंग आधार कार्डाशी, बँकेच्या पुस्तकाशी, सातबाऱ्याशी ताडून पाहावे. आमच्या दादाला एका कागदावर 'राव' होते, एकावर नव्हते. त्या दोन अक्षरांनी भाच्याला तीन खेपा घातल्या.

आता नकलांकडे येते.

आजोबा गेले १९३५ साली. त्यांची नोंद मोडीत आहे, ओळखीच्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनी वाचून दिली. कारण: ताप. बस्स, एकच शब्द. आजी गेली १९५७ साली, मी तेव्हा आठ वर्षांची होते. तिची नोंद बाळबोध लिपीत आहे, म्हणून माझी मला वाचता आली. आजीचे नाव, पुढे 'कोम', आणि पुढे आजोबांचे नाव. जुन्या दप्तरात 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. हे 'कोम' मी कितीदा वाचले असेल, पण आपल्या आजीच्या नावापुढे पाहिले तेव्हा थबकले. कारण भाच्याने काढलेल्या सगळ्या नकलांत तिचे नाव असलेला हा एकच कागद आहे. घरात बावीस वर्षे ती विधवा म्हणून वावरली, गुरे राखली, माझ्या वडिलांना उभे केले. पण सरकारी कागदावर तिचे नाव आले ते ती गेली तेव्हा, मयताच्या वहीत.

असे का झाले असावे? तर १९३५ साली आजोबा गेले तेव्हा जमिनीला नाव लागले ते चुलत आजोबांचे. सातबाऱ्यावर नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे तुम्ही पाहिली असतील. एकत्र कुटुंब मॅनेजर. एका पुरुषाचे नाव आणि त्याच्या आड सगळे घर. पुढे वाटण्या झाल्या तेव्हा वडिलांचे नाव लागले. आजीला अन्नवस्त्राचा हक्क होता. जमिनीत वाटा नव्हता, म्हणून नाव लागायचा प्रश्नच नव्हता. तो काही घरच्यांचा दुष्टपणा नव्हता, कायदाच तसा होता.

माणसामागे त्याचा वारस कोण, हा प्रश्न मोठ्या घरांनाही चुकलेला नाही. १८४८ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. लॉर्ड डलहौसीने तो दत्तक मान्य केला नाही आणि राज्य खालसा झाले. नागपूर आणि झाशीचे पुढे तेच झाले. हे तर आपण सगळे शाळेत शिकलो. पण त्याच सुमारास साध्या इनामदारांच्या घरोघरी काय चालले होते ते पुस्तकात दोन ओळींत उरकते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ आले आणि घराघरात सनदा शोधायची धांदल उडाली. कागद दाखवा, नाहीतर जमीन सोडा. ज्याच्या आजोबांनी कागद जपला त्याचे राहिले, ज्याच्या घरी तो वाळवीने खाल्ला त्याचे गेले. आपल्याकडची जुनी माणसे कागदाला इतकी का जपतात, तांब्यापितळेच्या डब्यात घालून का ठेवतात, ते या काळाकडे पाहिले की कळते.

आणि एक गंमत सांगते. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने जाता जाता, १८२७ साली, कायद्यांची एक संहिता केली. पेशवाई बुडून दहा वर्षेही झाली नव्हती. त्यातला आठवा कायदा वारसांना औपचारिक मान्यता देण्याविषयीचा आहे. तो महाराष्ट्रात अजून चालू आहे! आजही दिवाणी न्यायालयातून 'वारस दाखला' काढतात तो याच १८२७ च्या रेग्युलेशनखाली. अर्ज करायचा, कोर्ट जाहीरनामा काढते की कुणाची हरकत असेल त्याने पुढे यावे, आणि हरकत नसेल तर दाखला मिळतो. आगगाडी, तारायंत्र, महसूल कायदा, सगळ्यांहून जुना कागद. बँकेतल्या ठेवी आणि शेअर यांच्यासाठी जे 'सक्सेशन सर्टिफिकेट' मागतात ते मात्र वेगळे, ते १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली मिळते. लोक या दोन्हींत गोंधळ करतात आणि वकिलाकडे दोनदा जातात. तेव्हा ज्या कचेरीने कागद मागितला असेल तिला आधी विचारून घ्यावे, नक्की कोणता हवा.

शेतजमिनीला मात्र बहुतेक वेळा कोर्टात जावे लागत नाही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आला १९०३ साली. त्याआधी सरकारला सारा कोण भरतो एवढ्याशीच मतलब होता. जमिनीत कुणाकुणाचा हक्क आहे हे लिहायला सुरुवात झाली ती त्यानंतर. पुढे अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याने गावच्या वह्यांचे नमुने नीट बसवून दिले, म्हणून जुने तलाठी अजून 'अँडरसन मॅन्युअल' म्हणतात. नमुना सात आणि नमुना बारा मिळून आपला सातबारा. नमुना सहा म्हणजे फेरफार. आणि नमुना सहा-क ही वारसांची वही.

माणूस गेला की वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) कळवायचे, असे १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल कायदा सांगतो. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावे, वये, पत्ते, मयताशी नाते, आणि प्रतिज्ञापत्र. हल्ली ई-हक्क या संगणकीय सोयीने घरबसल्याही अर्ज करता येतो. चौकशी होऊन सहा-क ला नोंद होते, मग फेरफार धरला जातो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. मग सातबाऱ्यावर मयताचे 'नाव कमी' होते आणि वारसांचे 'नाव लागते'. नाव कमी करणे, नाव लावणे: महसुली भाषेतले हे शब्द किती सरळ आहेत पाहा.

तीन महिने म्हणायला, प्रत्यक्षात कितीतरी घरांत दोन-दोन पिढ्या नोंदी होत नाहीत. पणजोबा सातबाऱ्यावर तसेच राहतात आणि कर्ज काढायची वेळ आली की चाळीस वारसांच्या सह्या लागतात. म्हणूनच २०२५ साली सरकारला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढावी लागली. बुलढाणा जिल्ह्यात सुरुवात झाली आणि मग राज्यभर. नाव मोठे मार्मिक आहे. सातबाऱ्यावर मयत माणसे, आणि जिवंत माणसे रांगेत!

आता मूळ मुद्दा. वारसांची नावे लिहायची, पण कुणाची?

आजी विधवा झाली त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३७ साली, मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या खटपटीने हिंदू विधवांना मालमत्तेत हक्क देणारा कायदा झाला. पण तो हयातीपुरता हक्क, आणि शेतजमीन त्यातून सुटलेली, ती पुढे प्रांतांनी वेगळे कायदे करून आत घेतली. मग डॉ. आंबेडकरांचे हिंदू कोड बिल. ते रखडले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. त्या बिलाचे तुकडे होऊन जे कायदे झाले त्यातला हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. त्यात पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस झाले. मात्र वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलगा जन्माने हिस्सेदार आणि मुलगी नाही, हा भेद राहिला. तो महाराष्ट्राने १९९४ साली दूर केला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. आमच्या भाचीचे लग्न १९९३ चे. म्हणजे एका वर्षाने हुकली! ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची ती अट गेली. तरी वाद चालूच राहिले की त्या दिवशी वडील हयात हवेत की नकोत. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हक्क जन्माने आहे, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही.

हे सगळे वाचताना मला माझा कागद आठवला. वडील गेले १९८४ साली. मी तेव्हा पस्तिशीची, शाळेत नोकरीला, वर्गात मुलींना सावित्रीबाई शिकवणारी. त्या उन्हाळ्यात तालुक्याच्या निबंधक कचेरीत आम्ही दोघी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. दादाने जबरदस्ती केली नाही, हे स्पष्ट सांगते. त्याने नंतर आमचे माहेरपण शेवटपर्यंत केले, दिवाळी चुकवली नाही. त्या दिवशी आईने दोघींना साड्या घेतल्या. पण आमचा हिस्सा किती होता, हे तिथे कुणी सांगितले नाही. आणि मी, बी.ए. झालेली बाई, मीही विचारले नाही. विचारले असते तरी कदाचित सोडलाच असता, भावाची दोन-अडीच एकर जमीन, त्यात आम्ही काय मागणार? पण जाणून सोडणे आणि न विचारता सोडणे यात फरक आहे. आता नकलांमध्ये तो फेरफार पाहिला. एका ओळीत लिहिले आहे की बहिणींनी हक्क सोडल्याने नावे कमी केली. आजीचे नाव कधी लागलेच नाही. माझे लागले आणि महिन्याभरात कमी झाले. तेही माझ्याच सहीने.

म्हणून भाचीला जे सांगितले ते इथे लिहिते.

"आधी वारस नोंद होऊ दे. तीत तिघांची नावे येऊ देत. तुझ्या आईचे, भावाचे आणि तुझे. आईचे पहिले. वारसांच्या यादीत मुलीचे नाव न घालणे ही सवलत नाही, ती खोटी माहिती आहे, आणि प्रतिज्ञापत्रावर खोटे लिहू नये. एकदा नावे लागली, सगळ्यांचे हिस्से सगळ्यांना कळले, की मग वर्षभराने तुला भावाला द्यावेसे वाटले तर खुशाल दे. पण ते तेराव्याच्या ओसरीवर ठरायचे नाही. तलाठ्यासमोर नुसता जबाब देऊन हक्क जात नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागते, आणि एकदा केले की मन बदलले म्हणून परत घेता येत नाही. तेव्हा वाचल्याशिवाय, हिस्सा किती ते विचारल्याशिवाय सही नाही."

तिने विचारले, "दादाला राग येईल का गं?" (ती तिच्या भावाला दादा म्हणते.) म्हटले, येईल कदाचित. पण तूच बोल त्याच्याशी, मी मध्ये पडत नाही. दादाच्या कायद्याने होणाऱ्या वारसांत मी येत नाही, मला त्यातले काही नको आणि मिळायचेही नाही, म्हणूनच एवढे मोकळेपणी सांगू शकते.

बँकेचेही दोन शब्द सांगून ठेवते. दादाच्या ठेवीवर नॉमिनी म्हणून एकट्या भाच्याचे नाव होते, आणि सगळ्यांची समजूत अशी की पैसे त्याचेच. तसे नाही. बँकेतल्या ठेवीला नाव नेमून ठेवायची सोय १९८५ पासून झाली ती बँकेला पैसे कुणाच्या हाती द्यायचे हे कळावे म्हणून. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात लिहिले असेल त्याची. शेअरच्या बाबतीतही हेच, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. सहकारी गृहनिर्माण संस्थेतला नॉमिनीही वारस ठरेपर्यंत तात्पुरता सदस्यच. विम्याच्या पैशाला मात्र २०१५ पासून थोडा अपवाद आहे. पती, पत्नी, मुले किंवा आईवडील नॉमिनी असतील तर ते पैसे त्यांचेच. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नावे नेमता येतात, तेव्हा ज्यांची खाती आहेत त्यांनी आजच जाऊन पाहावे की आपल्या खात्यावर कुणाचे नाव आहे. कितीतरी जणांच्या खात्यावर गेलेल्या बायकोचे किंवा आईचे नाव अजून तसेच असते. आणि माणूस गेल्यावर त्याचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नयेत, अगदी दिवसांच्या खर्चासाठीसुद्धा. उसने घ्यावेत. पुढे भावाभावांत त्याचाच हिशेब निघतो. पेन्शन येत असेल तर बँकेला लगेच कळवावे. जास्तीचे जमा झालेले परत करावे लागते, आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्जही त्यावाचून पुढे सरकत नाही. आधारच्या दफ्तरातही मृत्यू कळवायची सोय २०२५ पासून झाली आहे, आणि गेलेल्या माणसाचे त्या वर्षाचे प्राप्तिकराचे विवरण भरायचे असेल तर ते वारसाने भरायचे असते.

कागदांमागे धावताना भाचा एकदा वैतागून म्हणाला, "आत्या, बाबा गेले याचे दुःख करायला वेळच नाही, नुसती झेरॉक्स काढतोय." खरे आहे. पण मला आजीची ती ओळ आठवते. तिच्यासाठी कुणाला झेरॉक्स काढावी लागली नाही, कारण काढण्यासारखे काही नव्हतेच. कागदाचा कंटाळा येतो तो ज्यांची नावे कागदावर आहेत त्यांना. ज्यांची नाहीत त्यांना विचारा. यातला एकेक कागद कुणाच्या तरी भांडणातून, कुणाच्या तरी तक्रारीतून आला आहे. १८२७ चा असो की २००५ चा. दहाव्याला कावळा शिवला की नाही हे आपण श्वास रोखून पाहतो. त्याच श्रद्धेने वारसांची यादीही एकदा वाचून पाहावी, कुणी राहून तर गेले नाही ना.

काल भाच्याचाच फोन आला. बहिणीने त्याला सगळे सांगितले होते. म्हणाला, "तिघांचीच नावे दिली आत्या. मला वेगळे काही करायचेच नव्हते, ओसरीवरचे बोलले तेव्हा मी गप्प बसलो एवढंच." मी म्हटले, गप्प बसू नये रे. थोडा थांबला आणि म्हणाला, "आत्या, तुझ्या वेळी काय झालं होतं? बाबा कधी बोलले नाहीत."

त्याला म्हटले, दिवाळीला ये, कागदच दाखवते. फेरफाराची नकल आणि आजीची नोंद, दोन्ही एका पिशवीत घालून कपाटात ठेवली आहेत. माझ्या मागे ती कुणाकडे जायची तेही त्यावर लिहून ठेवले आहे. असो.